फुलोऱ्यासाठी सरकारी पैसा

कुकडीकाठचे ओझर विघ्नहर गणपतीमुळे सर्वांना ठाऊक आहे. या जुन्नर-आंबेगाव पट्ट्यात कांद्याचे बी आणि वेलवर्गीय भाज्या घेणाऱ्याला मधमाशीची गरज पडते. तिची गरज मात्र वर्षभराची असते. पिकाचा बहर ओसरला की बांधावरचे करंज, निर्गुडी, शेवगा आणि डोंगरातली जांभूळ, हिरडा हीच तिची शिदोरी.

केंद्राने 2020 मध्ये राष्ट्रीय मधमाशीपालन व मध अभियानासाठी 500 कोटी रुपये मंजूर केले. त्यात मधमाशांना उपयुक्त झाडांच्या लागवडीलाही जागा आहे. राज्याचे खादी व ग्रामोद्योग मंडळ मधकेंद्र योजनेत निम्मे अनुदान देते. याच मंडळाच्या पुढाकाराने 2022 मध्ये महाबळेश्वरजवळचे मांघर ‘मधाचे गाव’ झाले. रोजगार हमीशी जोडलेल्या फळबाग योजनेतली चिंच, आवळा ही झाडे फळासाठी लावलेली, पण त्यांचा मोहर मधमाशांनाही चालतो.

अनुदान म्हटले की आधी आठवते ती मधमाशांची पेटी, कारण ती मोजता येते. रानातल्या आग्या माशीला, भुंग्याला, फुलपाखराला पेटीचा काय उपयोग? त्यांना देशी झाडेच हवीत. जैवविविधता कायदा, 2002 नुसार गावोगावी व्यवस्थापन समित्या आणि स्थानिक निधीची तरतूद आहे. ग्रामसभेने देशी रोपांची मागणी तिथे जरूर नोंदवावी.