ॲल्युमिनियमची कठीण साल आणि विजेचा दाब



आजचा विषय कारखान्यातला असला तरी त्याची सुरुवात आपल्या स्वयंपाकघरातूनच करणे सोयीचे होईल. ॲल्युमिनियमच्या साध्या पातेल्यात चिंचेचे सार रात्रभर ठेवू नये, ते पातेले धुण्याच्या सोड्याने घासू नये, आणि लोखंडी उलथन्याने खरवडले तर त्यावर ओरखडे पडतात, हे घरातील गृहिणीला कोणी शिकवावे लागत नाही. परंतु अलीकडे त्याच धातूची जी करड्या-काळ्या रंगाची जड कढई बाजारात मिळते, तिच्यावर उलथने फिरविले तरी सहसा ओरखडा उठत नाही. धातू तोच, मग हा फरक कोठून आला? त्या कढईला कोणी रंग दिलेला नाही, की दुसऱ्या धातूचा मुलामा दिलेला नाही. तिची स्वतःचीच साल जाड आणि कठीण केलेली आहे. या क्रियेला हार्ड ॲनोडायझिंग म्हणतात.

एका लहान कारखानदाराने आम्हाला एकदा प्रश्न विचारला होता. तो म्हणाला, "माझ्याकडे साध्या ॲनोडायझिंगचा चोवीस व्होल्टचा रेक्टिफायर आहे. गिऱ्हाईक हार्ड ॲनोडायझिंगचे काम घेऊन दारात उभे आहे. पुस्तकात पाहावे तर साठसत्तर व्होल्ट लिहिलेले. काम घेऊ, की परत पाठवू?" नवा रेक्टिफायर घ्यावयाचा तर कर्ज काढावे लागणार, आणि काम परत पाठवावे तर गिऱ्हाईक कायमचे जाणार, अशी त्याची अडचण होती. आजचे आमचे विवेचन म्हणजे त्याच्या प्रश्नाचे उत्तरच समजावे.

प्रथम ही साल म्हणजे काय ते पाहू. ॲल्युमिनियमला प्राणवायूची मोठी ओढ असते. धातू कापल्याबरोबर त्याच्या उघड्या पृष्ठावर ऑक्साइडचा पापुद्रा धरतो. त्याची जाडी दोन ते पाच नॅनोमीटर असते, आणि नॅनोमीटर म्हणजे मिलिमीटरचा दहा लाखावा भाग. लोखंडाचा गंज पोपडे धरून गळतो आणि खालचे लोखंड पुन्हा उघडे पडते. ॲल्युमिनियमचा पापुद्रा मात्र धातूला घट्ट धरून राहतो व त्याचे रक्षण करतो. दोष एवढाच की तो फार पातळ असतो. कारखान्यात हाच पापुद्रा पन्नास मायक्रॉनपर्यंत, म्हणजे नैसर्गिक जाडीच्या दहा हजार पटींहून अधिक वाढविता येतो. भिंतीला गिलावा करतात तसा हा थर बाहेरून बसविलेला नसतो. बोटाला नख येते तसा तो धातूतूनच उगवतो. रसायनदृष्ट्या तो आपल्या परिचयाच्या कुरुंदाचा सख्खा भाऊ आहे. कुरुंदाइतका तो कठीण नसतो, पण मऊ पोलादापेक्षा दुपटीतिपटीने कठीण असतो.

तो उगवतो कसा? टाकीत पाणी मिसळलेले गंधकाम्ल असते. आपली वस्तू विजेच्या धन टोकाला, म्हणजे ॲनोडला, जोडतात. ॲनोडायझिंग हे नाव त्यावरूनच पडले. ऋण टोकाला शिशाच्या किंवा ॲल्युमिनियमच्या पट्ट्या असतात. प्रवाह सुरू होताच पाण्यातील प्राणवायू वस्तूच्या धातूशी संयोग पावतो आणि दुसऱ्या टोकाला हायड्रोजनचे बुडबुडे निघतात.

येथे एक शंका येईल. ऑक्साइड तर विजेचा अवाहक. तो तयार होताच प्रवाह थांबावयास हवा. काही सौम्य द्रावणांत खरोखरच तसे होते. पण गंधकाम्ल तयार झालेला ऑक्साइड थोडाथोडा विरघळवीत असते, त्यामुळे थरात असंख्य सूक्ष्म छिद्रे राहतात आणि त्या वाटेने वीज तळापर्यंत पोचते. केलर, हंटर आणि रॉबिन्सन या अमेरिकन संशोधकांनी १९५३ साली इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकाच्या साहाय्याने या रचनेचे वर्णन प्रसिद्ध केले. मधमाश्यांच्या पोळ्याप्रमाणे षट्कोनी घरे एकमेकांना चिकटलेली, आणि प्रत्येक घराच्या मध्यभागी एक उभे छिद्र, असा तो थर असतो.

तेव्हा टाकीत दोन कामकरी एकाच वेळी राबत असतात असे समजा. वीज भिंत बांधते आणि आम्ल तीच भिंत विरघळविते. थर कठीण होईल की भुसभुशीत, हे या दोघांच्या हिशेबावर ठरते. कठीणपणाचे सारे रहस्य येथे आहे.

या विद्येचा इतिहासही याच हिशेबाचा आहे. १९२३ साली इंग्लंडात बेंगो आणि स्टुअर्ट यांनी क्रोमिक आम्लाची पद्धत काढली. समुद्रावर उतरणाऱ्या विमानांचे ड्युरॅल्युमिनचे भाग खाऱ्या पाण्याने खाल्ले जात, त्यावरचा तो उपाय होता. १९२७ साली गोवर आणि ओब्रायन यांनी गंधकाम्लाची पद्धत आणली. तिला बारा ते अठरा व्होल्ट पुरतात, आणि खिडक्यांच्या चौकटींपासून शोभेच्या वस्तूंपर्यंत साधे काम आजही तिनेच चालते. पण या पद्धतीत आम्ल साधारण वीस अंश सेल्सिअसवर असते, आणि थर पंचवीस मायक्रॉनांच्या आसपास गेला की बाहेरचा भाग आम्लाने खाऊन भुकटीसारखा होऊ लागतो. १९५० च्या आसपास अमेरिकेतील ग्लेन मार्टिन या विमानकंपनीची कठीण थराची पद्धत पुढे आली. तिच्यात आम्ल शून्य अंशाजवळ थंड ठेवीत. थंडीने आम्लाचा हात मंदावला आणि थर जाड व टणक होऊ लागला.

परंतु या थंडीची किंमत द्यावी लागते. थंड आम्लातून वीज नाखुशीने वाहते, छिद्रे अरुंद राहतात आणि थर जाड होत जाईल तसतसा अडथळा वाढतो. तेव्हा तोच प्रवाह चालू ठेवण्यासाठी दाब सारखा चढवावा लागतो. वीसपंचवीस व्होल्टांवर सुरू झालेले काम पन्नास मायक्रॉन गाठेपर्यंत साठसत्तर व्होल्टांवर जाते. पुस्तकातला आकडा येथून आला. तो वाचून पुष्कळांचा असा समज होतो की, जास्त दाब दिल्यामुळे थर कठीण होतो. हा समज बरोबर नाही. दाब हा थंडीतून आणि जाडीतून वाट काढण्याचा खर्च आहे. थराची जाडी ठरते ती अँपिअर आणि वेळ यांच्या गुणाकाराने. एक चौरस डेसिमीटर पृष्ठावर एक मायक्रॉन थरासाठी साधारण तीन अँपिअर-मिनिटे लागतात, मग दाब कितीही असो.

आता खर्च कमी कसा करावयाचा ते पाहू. आम्ल शून्याऐवजी दहा अंशांच्या आसपास ठेवले तर वीज सुलभ वाहते. पण त्यामुळे आम्लाचा हातही सैल सुटतो. म्हणून त्यात थोडे ऑक्झॅलिक आम्ल किंवा तशाच गुणाचे सेंद्रिय द्रव्य मिसळतात, म्हणजे थर विरघळणे कमी होते. दुसरा उपाय सबुरीचा आहे. प्रवाह निम्मा करावा आणि वेळ दुप्पट द्यावा. एक उदाहरण घेऊ. वीस चौरस डेसिमीटरच्या वस्तूवर पंचवीस मायक्रॉन थर हवा आहे, म्हणजे सुमारे पंधराशे अँपिअर-मिनिटे हवीत. जुन्या रीतीने पन्नास अँपिअर अर्धा तास दिले आणि सरासरी दाब पस्तीस व्होल्ट धरला, तर टाकीत क्षणोक्षणी पावणेदोन किलोवॅट वीज उतरते. नव्या रीतीने पंचवीस अँपिअर तासभर दिले आणि सरासरी दाब वीस व्होल्ट धरला, तर फक्त अर्धा किलोवॅट उतरते. ही सारी वीज उष्णता बनते, व रासायनिक क्रियेची उष्णता तिच्यात आणखी भर घालते. अर्थात आम्ल थंड ठेवणाऱ्या यंत्रावरचा भार पुष्कळच हलका होतो. शिवाय ओल्या हाताने काम करणाऱ्या माणसाला चोवीस व्होल्टांचे भय सत्तर व्होल्टांपेक्षा फारच कमी असते.

मात्र सबुरीलाही मर्यादा आहे. जितका वेळ वस्तू आम्लात राहील तितका वेळ आम्ल थराच्या बाहेरच्या बाजूवर काम करीतच राहणार. फार मंद प्रवाहाने जाड थर मिळविण्याचा हट्ट धरला तर वरचा भाग पुन्हा भुसभुशीत होतो. मॅग्नेशियम व सिलिकॉन थोड्या प्रमाणात असलेल्या ६०६१ सारख्या मिश्रधातूवर कमी दाबाने पंचवीस मायक्रॉनांपर्यंत चांगले काम होऊ शकते. तांबे अधिक असलेल्या मिश्रधातूंवर, किंवा पन्नास मायक्रॉनांच्या थरासाठी, चोवीस व्होल्टांवर विसंबू नये.

ही गोष्ट आम्ही स्वतः नुकसान सोसून शिकलो आहोत. एकदा आम्ही वीसबावीस नळकांडी एकाच दांडीवर टांगून टाकीत सोडली. दाब स्थिर होता. थोड्या वेळाने अँपिअरचा काटा खाली येण्याऐवजी वर चढू लागला. थर वाढताना अडथळा वाढावयाचा, म्हणून काटा चढणे हे अशुभ चिन्ह होय. आम्ही मात्र "स्थिरावेल" म्हणून पाच मिनिटे वाट पाहिली. बाहेर काढून पाहतो तो एका नळकांड्याचा कोपरा साखर विरघळावी तसा खाल्लेला! ते नळकांडे तांबेयुक्त मिश्रधातूचे होते आणि चुकून इतरांत मिसळले होते. असे होण्याचे कारण सरळ आहे. एखादी जागा तापली की तेथला थर विरघळून पातळ होतो, पातळ झाला की वीज तिकडेच धावते, आणि वीज धावली की जागा आणखी तापते. म्हणून आम्ल हवेने सतत जोरात ढवळावे, वस्तूची पकड घट्ट असावी, आणि धातू कोणता आहे हे विचारल्याशिवाय काम टाकीत सोडू नये.

मापाचीही एक गोष्ट सांगण्याजोगी आहे. थर निम्मा धातूच्या आत आणि निम्मा बाहेर वाढतो. पन्नास मायक्रॉन थर दिला तर प्रत्येक पृष्ठ पंचवीस मायक्रॉन फुगते, आणि भोकाचा व्यास पन्नास मायक्रॉन कमी होतो. नेहमीच्या साठ अंशी आट्यांच्या मापात तर हा फरक शंभर मायक्रॉन पडतो. ज्याने हे आधी धरले नाही त्याचा स्क्रू बसत नाही, आणि दोष मात्र ॲनोडायझिंगवाल्याला लागतो. तीक्ष्ण कडेवर थर दोन्ही बाजूंनी उभा वाढतो व मधे चीर पडते, म्हणून कडा आधीच गोलसर कराव्यात.

आता त्या कारखानदाराला आम्ही काय सांगितले, ते सांगून संपवितो. आम्ही म्हटले, "काम घ्या, पण सगळे घेऊ नका. योग्य मिश्रधातूचे, पंचवीस मायक्रॉनांपर्यंतचे काम तुमच्या चोवीस व्होल्टांत बसू शकेल. त्यासाठी आम्ल थंड करण्याचे यंत्र आणि सबुरी हवी. आधी त्याच धातूच्या तुकड्यावर करून पाहा. जाडी यंत्राने मोजा आणि मोजलेला आकडा बिलावर लिहा. पन्नास मायक्रॉनांचे काम आले तर हात जोडून परत पाठवा." आणखी एक गोष्ट आम्ही बजावली. साध्या थराला काळा रंग देऊन तो कठीण थर म्हणून विकता येतो, आणि घेणाऱ्याला डोळ्यांनी फरक कळत नाही. तो कळतो सहा महिन्यांनी, यंत्राचा दट्ट्या घासल्यावर किंवा कढईचा तळ पांढरा पडल्यावर. तोवर पैसे देऊन झालेले असतात.

म्हणून आपणही अशी वस्तू घेताना किंवा करवून घेताना रंगावर जाऊ नये. किती व्होल्टांवर केली हेही विचारू नये. थर किती मायक्रॉन आहे आणि तो मोजला आहे काय, एवढे दोनच प्रश्न विचारावेत. ज्याने काम नेकीने केले आहे त्याला त्यांची उत्तरे देण्यास वेळ लागणार नाही.