वीस तारखेचा शिरस्ता

पुण्याच्या मार्केट यार्डातील भुसार विभागात सकाळी मालमोटारी गाळ्यांपुढे लागल्या म्हणजे जे दृश्य नित्य दिसते, ते मी अनेकदा थांबून पाहिले आहे. हमाल मोटारीच्या फाळक्याला पाठ लावून, कमरेत किंचित वाकून उभा राहतो. वरचे दोघे पोते उचलून त्याच्या पाठीवर अलगद टेकवतात. तो एकवार खांदे हलवून भार सावरतो आणि थप्पीच्या दिशेने एकटाच चालू लागतो. वाहणारा एक असला तरी चढवणारे दोघे लागतात. ज्या घरातला माणूस पिस्तुलाच्या गोळीने गेला, त्या घराच्या पाठीशी समाजाने कसे उभे राहावे, हा प्रश्न मनात येतो तेव्हा मला हे चढवणारे हात आठवतात.

या कष्टकऱ्यांची हमाल पंचायत डॉ. बाबा आढाव यांनी, बाजार अद्याप नाना-भवानी पेठांत होता त्या काळात उभी केली, आणि 1969 च्या माथाडी कायद्याने अंगमेहनतीच्या कामाला जी प्रतिष्ठा व संरक्षण मिळाले, त्यामागे अशाच संघटनांचे बळ होते. बाबांच्याच ‘एक गाव एक पाणवठा’ या चळवळीतून साताऱ्याचे एक तरुण डॉक्टर सार्वजनिक कार्यात ओढले गेले. ते म्हणजे नरेंद्र दाभोलकर. 20 ऑगस्ट 2013 रोजी सकाळी ओंकारेश्वराजवळच्या महर्षी विठ्ठल रामजी शिंदे पुलावर, फिरावयास निघालेल्या सदुसष्ट वर्षांच्या या निःशस्त्र गृहस्थावर दोघांनी गोळ्या झाडल्या. तेव्हा यार्डातल्या हमालाने हे दुःख आपल्याच घरचे मानावे, इतके हे नाते जुने होते.

अशा प्रसंगी शोकाचे रूपांतर संतापात आणि संतापाचे दंगलीत होण्यास फारसा अवधी लागत नाही. दाभोलकरांच्या अंधश्रद्धा निर्मूलन समितीच्या कार्यकर्त्यांनी मात्र एक शिरस्ता घालून घेतला: दर महिन्याच्या 20 तारखेला त्याच पुलावर जमावयाचे, विवेकाचा आवाज बुलंद करण्याची शपथ पुन्हा घ्यावयाची, तपासाचे काय झाले हे सरकारला विचारावयाचे आणि आपापल्या कामाला निघून जावयाचे. ‘आम्ही सारे दाभोलकर’ ही घोषणा तिथली. महिन्यामागून महिने, वर्षामागून वर्षे हा क्रम चालला, आणि मुक्ता व हमीद या दाभोलकरांच्या अपत्यांना आपले दुःख चार भिंतींआड एकट्याने सोसावे लागले नाही. तेराव्यानंतर सांत्वनाची रीघ आटते, हा आपल्या सर्वांचा अनुभव आहे. त्या घराला खरी गरज चौदाव्या दिवसापासून लागते, आणि म्हणूनच या वीस तारखेचे मोल मला फार मोठे वाटते. ज्या जादूटोणाविरोधी कायद्यासाठी दाभोलकर अठरा वर्षे झगडले, त्याच्या वटहुकुमाला मंत्रिमंडळाने खुनाच्या दुसऱ्याच दिवशी संमती दिली. कायदा डिसेंबर 2013 मध्ये मंजूर झाला.

कोल्हापुरात 16 फेब्रुवारी 2015 रोजी कॉम्रेड गोविंद पानसरे व त्यांच्या पत्नी उमाताई यांच्यावर सकाळच्या फिरण्याच्या वेळीच गोळीबार झाला. उमाताई बचावल्या; पानसरे 20 तारखेला गेले. त्यानंतर त्यांचे सहकारी दरमहा ‘निर्भय मॉर्निंग वॉक’ काढू लागले. ज्या साध्या कृतीची लोकांना धास्ती वाटावी, तीच कृती सर्वांनी मिळून, उघड्या रस्त्यावर करावयाची, ही कल्पना मला फार थोर वाटते.

याच पुण्यात दुसरी वाटही आहे. 1 सप्टेंबर 2024 रोजी नाना पेठेत एका माजी नगरसेवकाचा खून झाला, आणि वर्षभराने त्याच पेठेत एका कोवळ्या तरुणाला गोळ्या घालण्यात आल्या. हा दुसरा खून सुडापोटी झाला, असे पोलिसांचे म्हणणे आहे. 1959 च्या शस्त्र कायद्याने परवान्याची कितीही बंधने घातली तरी मध्य प्रदेशच्या सीमेवरील उमर्टीसारख्या गावांतून आलेले गावठी कट्टे शहरात सापडतच राहतात. पुरवठ्याची ही वाट बंद करणे हे पोलिसांचे काम. पण जो पोरगा कमरेला कट्टा खोचण्यात पुरुषार्थ मानू लागला आहे, त्याच्या घरी, त्याच्या आईच्या समोर बसून बोलणारा वडीलधारा माणूस वस्तीतूनच निघावा लागतो.

दाभोलकर खटल्याचा निकाल 10 मे 2024 रोजी लागला. दोघांना जन्मठेप झाली, तिघे निर्दोष सुटले, आणि त्या सुटकेविरुद्ध कुटुंबाने उच्च न्यायालयात दाद मागितली. या दीर्घ प्रकरणातील एका माणसापुढे माझे मस्तक नमते. तो महानगरपालिकेचा एक सफाई कामगार; त्या सकाळी तो पुलावर कामावर होता. ज्यांनी पिस्तूल चालवले ते आपल्याला ओळखतील, हे भय त्याला नसेल असे कोण म्हणेल? तरीही आठ वर्षांहून अधिक काळ लोटल्यावर तो न्यायालयात साक्षीस उभा राहिला, त्याने जबानी दिली आणि ते दोघे हेच, असे सांगितले.