पद्मिनीच्या दाराचं रबर

कुर्ल्याच्या प्रीमियर ऑटोमोबाइल्समध्ये घडलेली पद्मिनी म्हणजे फियाट ११०० च्या कुळातली गाडी. ऑक्टोबर २०२३ च्या अखेरीस तिची शेवटची काळी-पिवळी टॅक्सी मुंबईच्या रस्त्यांवरून निवृत्त झाली. आता उरल्या आहेत त्या हौशी मालकांनी जपलेल्या गाड्या. त्यांच्याविषयी बोलणं निघतं ते इंजिन, रंग आणि क्रोमचं. पण कोकणपट्टीच्या पावसात गाडी टिकणार की नाही, हे दाराच्या कडेचं काळं रबर ठरवतं.

या गाडीला वेगळी चासी नाही. तळाचा पत्रा, दाराखालचा उंबरा आणि खांब मिळूनच तिचा सांगाडा होतो. रबर फाटलं की पाणी मॅटखाली मुरतं आणि गंज थेट त्या सांगाड्यालाच लागतो.

नैसर्गिक रबराच्या रेणुसाखळीतले दुहेरी बंध हवेतला ओझोन तोडतो. ताण पडलेल्या जागी आधी बारीक भेगा दिसतात, मग रबर कडक होऊन दबायचं थांबतं. ईपीडीएम रबराच्या मुख्य साखळीत असे बंध नसतात, म्हणून ते ऊन-पावसात जास्त टिकतं. बदलताना तेच घ्यावं, आणि जुन्याचा कापलेला तुकडा नमुना म्हणून सोबत न्यावा. जाडी चुकली तर दार बसत नाही.

खरं काम त्यानंतरचं. जुना गोंद खरवडायचा, गंज पत्र्यापर्यंत घासायचा, प्राइमर आणि रंग पूर्ण वाळू द्यायचा. रबर आधी गोंदाविना बसवून पाहायचं. ते ओढून लावू नये. ताणलेलं रबर पुढे आकसतं आणि कोपरे उघडे पडतात. सांधा खालच्या बाजूला ठेवावा. पुढच्या काचेचं रबर वेगळ्या पद्धतीनं बसतं: खाचेत दोरी भरायची, साबणाचं पाणी लावायचं, एकानं बाहेरून काच दाबायची आणि दुसऱ्यानं आतून दोरी ओढत रबराची कड पत्र्यावर चढवायची.

शेवटी दारात कागदाची पट्टी धरून दार लावावं. पट्टी अलगद निघाली तर तिथून पाणी शिरणार. दाराच्या तळाची भोकंही मोकळी करावीत. काचेलगत आत उतरलेलं पाणी तिथूनच बाहेर पडतं.

जुनी पद्मिनी घेणाऱ्यानं म्हणूनच आधी मॅट उचलून तळ पाहावा, मग रबर बदलावं, आणि रंगाच्या चकाकीवरचा खर्च त्यानंतर करावा.