रॉडची दोरी

खाडीत कयाकवरून मासेमारी करताना हातून सुटलेला रॉड तरंगत नाही. रीलच्या वजनानं तो बघता बघता गढूळ पाण्यात दिसेनासा होतो. कयाकला कठडा नसतो, आपण पाण्यापासून जेमतेम वीतभर वर बसलेलो असतो. जिताड्याचा एक झटका आणि ओला हात, एवढं पुरतं. माझा एक चांगला रॉड असाच गेला, तेव्हापासून रॉड कयाकला बांधणाऱ्या दोरीशिवाय मी वल्हं उचलत नाही.

दोरी घरी करता येते. चार मिलिमीटर जाडीची इलॅस्टिक दोरी मीटरभर घ्या. एका टोकाला फासा करा, दुसऱ्याला स्टेनलेस स्टीलचा, गरगर फिरणारा हूक लावा. नाहीतर दोरीला पीळ पडत राहतो. टेलिफोनच्या वायरीसारखी वेटोळ्यांची दोरी विकतही मिळते. मला तीच आवडते, कारण ढिली असताना ती पायात घोळत नाही.

खरी मेख आहे ती फासा कुठे घालायचा यात. पुष्कळ जण तो मुठीच्या बुडाला बांधतात. मूठ भिजली, वर ताण आला, की तो बुडावरून अलगद निसटतो. म्हणून रीलचा दांडा रॉडला जिथे मिळतो, तिथे दांड्याच्या पुढून फासा घाला आणि त्याच फाशातून उरलेली दोरी ओवून घट्ट ओढा. आता मागे रील आडवं येतं, फासा सरकणार कुठे? फक्त रीलची मूठ अडखळत नाही ना, ते फिरवून पाहा.

हूक बसकणीजवळच्या पक्क्या कडीत अडकवा. स्वतःच्या कमरेला किंवा लाइफ जॅकेटला कधीही नाही. मग बसल्या बसल्या पूर्ण हात फिरवून गळ फेका. हात अडला तर दोरी आखूड, वल्ह्यात गुंतली तर लांब.

कयाक उलटली की हीच दोरी पायाला विळखा घालू शकते. म्हणून रॉड दोनच न्या आणि एका हातानं उघडेल असा चाकू जॅकेटच्या छातीवर ठेवा. फुटत्या लाटांतून किनाऱ्याला लागताना दोरीवर विसंबू नका. गळ काढून टाका, रॉड आडवे करून दोन्हीकडून आवळून बांधा.

पहिल्यांदा निघण्याआधी जॅकेट घालून कमरेएवढ्या पाण्यात, सोबतीला कुणी असताना, कयाक मुद्दाम उलटवा. जुना रॉड लावा, गळ नको. वर आल्यावर आधी पाय मोकळे आहेत का ते पाहा, रॉड नंतर.