फर्डिनांडला नेमके कुणी अडवले?

दुसऱ्या महायुद्धातल्या जर्मन ‘फर्डिनांड’ तोफगाडीबद्दल एक गोष्ट वर्षानुवर्षे सांगितली जाते. 65 टनांच्या या धुडावर मशीनगनच नव्हती. त्यामुळे जुलै 1943 मध्ये कुर्स्कच्या लढाईत सोव्हिएत पायदळ थेट जवळ गेले आणि पेटत्या बाटल्या फेकून त्यांनी या तोफगाड्या जाळल्या. जर्मन सेनानी गुडेरियन यांनीही युद्धानंतरच्या आठवणींत मशीनगन नसण्यावर बोट ठेवले, आणि ही कथा पक्की झाली.

मशीनगन नव्हती, हे खरे. पण कुर्स्कच्या रणभूमीवरील पोनिरी स्टेशनच्या परिसरात मागे राहिलेल्या 21 फर्डिनांड सोव्हिएत तज्ज्ञांनी लढाई ताजी असतानाच तपासल्या. बाटलीने पेटलेली त्यांत एकच निघाली. बाजूचे चिलखत गोळ्याने भेदलेलीही एकच. निम्म्याहून अधिक गाड्यांचे पट्टे आणि चाके सुरुंगांनी व तोफखान्याच्या माऱ्याने निकामी केली होती. म्हणजे श्रेयाचा मोठा वाटा जातो तो सोव्हिएत सफरमैनांना. लढाई पेटलेली असताना, जर्मन गाड्या कुठे वळतात ते पाहून त्यांच्या वाटेत नवे सुरुंग पेरणारी ही माणसे कथेतून गायब व्हावीत, हे मला अन्यायाचे वाटते.

पट्टा तुटणे एवढे महागात का पडावे? फर्डिनांडला सर्रास रणगाडा म्हणतात, पण तिला फिरता बुरूज नव्हता. 88 मिमीची लांब तोफ मागच्या बंद पोलादी खोलीत बसवलेली. डावीउजवीकडे ती थोडीच वळे. त्यापलीकडचा नेम धरायचा तर अख्खी गाडी वळवावी लागे. पट्टा गेला की गाडी थांबे आणि तोफही जवळजवळ एकाच दिशेला खिळून राही. ओढून न्यायला अनेक अवजड ट्रॅक्टर एकत्र जुंपावे लागत, तेही माऱ्याखाली. पुष्कळदा चालकदलच गाडी नष्ट करून माघारी फिरे.

कुर्स्कवर फर्डिनांडचे थवे होते, हाही गैरसमजच. टायगर रणगाड्याच्या आराखड्यांच्या स्पर्धेत अभियंता पोर्शे यांचा आराखडा मागे पडला. त्यासाठी आधीच तयार झालेल्या सांगाड्यांवर ही तोफगाडी बांधली गेली. त्यामुळे एकूण गाड्या जेमतेम नव्वद, आणि कुर्स्कला त्या फक्त उत्तर आघाडीवर. पण सोव्हिएत सैनिक बुरूज नसलेल्या कुठल्याही जर्मन तोफगाडीला ‘फर्डिनांड’ म्हणत. म्हणून दक्षिणेकडच्या अहवालांतही ती भेटते.

तिला निव्वळ फसलेले यंत्र म्हणणेही बरोबर नाही. समोर 200 मिमी पोलाद होते आणि दोन किलोमीटरवरून सोव्हिएत टी-34 रणगाडा फोडण्याची ताकद होती. मात्र दोन पेट्रोल इंजिनांनी वीज तयार करायची आणि विजेच्या मोटारींनी पट्टे फिरवायचे, ही रचना गुंतागुंतीची होती.

कुर्स्कनंतर उरलेल्या गाड्या कारखान्यात नेऊन त्यांवर मशीनगन बसवली, नावही ‘एलिफंट’ झाले. 1944 मध्ये त्यांतल्या 11 इटलीत गेल्या. तिथे कमकुवत पूल, सुरुंग आणि बिघाड यांनी त्या एकेक करून गळत गेल्या. या अडचणींवर मशीनगनचा काहीच उपयोग नव्हता.