मसालेदार वासाची स्वस्त जुळी भावंडं

अंधेरी किंवा घाटकोपरच्या स्टेशनबाहेर परफ्यूमच्या दुकानात शिरलं की विक्रेता कागदी पट्टी नाकाशी धरतो आणि म्हणतो, ‘सेम टू सेम आहे.’ सगळ्याच वासांबाबत हा दावा टिकत नाही, पण पुरुषांच्या मसालेदार परफ्यूमबाबत तो बराचसा खरा असतो. ‘दिओर’चं 2021 सालचं ‘सोवाज एलिक्सिर’ घ्या. दालचिनी, जायफळ, वेलची, खाली लॅव्हेंडर आणि ज्येष्ठमध. साठ मिलिलिटरला दहा हजारांहून जास्त मोजावे लागतात. अमिरातीतल्या ‘लताफा’चं ‘असद’ त्याच वळणाचं, आणि किंमत त्याच्या पाव हिश्श्याहून कमी. एवढी तफावत परवडते, कारण दालचिनीचा वास देणारं सिनॅमाल्डिहाइड आणि लवंगेचा वास देणारं युजेनॉल एकोणिसाव्या शतकापासून माहीत आहेत आणि स्वस्त आहेत. शिवाय गॅस क्रोमॅटोग्राफीच्या यंत्रात बाटलीतले बरेचसे घटक उलगडतात. हे ज्ञान परदेशातच आहे असंही नाही. 1922 पासूनच्या एस. एच. केळकर कंपनीचं मुलुंडशी जुनं नातं आहे, आणि तिथल्याच वझे महाविद्यालयात सुगंधद्रव्यांचा पदव्युत्तर अभ्यासक्रम चालतो. नक्कल चुकते ती लॅव्हेंडर, खस यांसारख्या नैसर्गिक अर्कांत. त्यांत बारीकसारीक घटक इतके असतात की स्वस्त मिश्रणात त्यांतले मोजकेच येतात. म्हणून पहिली दहा मिनिटं दोन्ही बाटल्या जुळ्या वाटतात, आणि मसाला उडून गेल्यावर, तिसऱ्या तासाला, फरक कळतो.

ही चोरी नाही का, असा आक्षेप घेतला जातो, आणि तो पोकळ नाही. युरोपीय न्यायालयाने 2009 मध्ये ‘लॉरिआल’ विरुद्ध ‘बेल्यूर’ खटल्यात ‘अमुक परफ्यूमसारखा वास’ असं सांगणाऱ्या तुलनायाद्यांनाही अनुचित लाभ मानलं. आपल्या 1999 च्या कायद्यात मात्र ट्रेडमार्क रेखाटून दाखवता यावा लागतो, त्यामुळे नुसत्या वासाला संरक्षण मिळणं अवघड आहे. नाव आणि वेष्टन यांना ते मिळतं. स्वतःच्या नावाने विकलेली नक्कल आणि दुसऱ्याचं नाव छापलेली ‘फर्स्ट कॉपी’ यांना एका पारड्यात घालता येत नाही. दुसरा आक्षेप त्वचेचा, आणि मला तो जास्त गंभीर वाटतो. सिनॅमाल्डिहाइडने काहींना ॲलर्जी होते, म्हणूनच उद्योगाने त्याच्या प्रमाणावर मर्यादा घातली आहे. उत्पादकाचा पत्ताच नसलेल्या बाटलीत ती पाळली गेली की नाही, हे कोण सांगणार? तेव्हा पट्टीवर भाळू नका. मनगटावर थेंबभर लावा, तीन तास थांबा, लेबल वाचा. आणि खोक्यावर ‘दिओर’ छापून कोणी आठशे रुपये सांगत असेल, तर सरळ पुढे चला.