शेती संरक्षण बंदूक परवाना : कोणती मागणी आमदारांकडे, कोणती खासदारांकडे?



ग्रुपवर सध्या तीन तक्रारी पुन्हा पुन्हा येत आहेत. उसात बिबट्या आहे. मका आणि भुईमूग रानडुकरं उकरतात. आणि बंदुकीच्या परवान्याचा अर्ज पोलीस स्टेशन आणि कलेक्टर ऑफिसच्या मध्येच अडकून पडतो. काही सभासदांनी सुचवलं की सगळ्यांनी मिळून आमदारांना निवेदन द्यावं. सूचना चांगली आहे. पण आधी कोणाच्या हातात काय आहे हे माहीत हवं, नाहीतर निवेदन देतानाचा फोटो निघतो आणि काम जिथल्या तिथे राहतं. मेसेज मोठा आहे, सेव्ह करून ठेवा आणि सावकाश वाचा.

*१) बंदुकीबद्दल कायदा काय म्हणतो?*

शस्त्र कायदा १९५९ चा आहे आणि त्याखालचे सध्याचे नियम २०१६ चे. परवाना जिल्हाधिकारी देतात, पोलिसांचा अहवाल आल्यावर.

कायद्याच्या कलम १३ मध्ये शेतकऱ्याचा थेट उल्लेख आहे. पीक राखण्यासाठी खरोखर गरज असेल तर ठासणीच्या बंदुकीचा परवाना द्यावा, असं त्यात म्हटलं आहे. ठासणीची बंदूक पुरेशी नाही असं अधिकाऱ्यांना पटलं, तर साध्या नळीची दुसरी बंदूकही मंजूर करता येते.

मात्र याचा अर्थ अर्ज केला की परवाना मिळतोच असा नाही. कलम १४ नुसार सार्वजनिक शांतता किंवा सुरक्षिततेच्या कारणावरून अर्ज नाकारता येतो. पण दोन गोष्टी लक्षात ठेवा :
🔹 जमीन कमी आहे किंवा मालमत्ता पुरेशी नाही, एवढ्याच कारणावर परवाना नाकारता येत नाही.
🔹 नाकारला तर कारण लेखी नोंदवावं लागतं. त्याविरुद्ध अपील करता येतं. आपल्या जिल्ह्यासाठी ते नाशिकच्या विभागीय आयुक्तांकडे. अपिलाला मुदत असते, म्हणून आदेश हातात पडताच कामाला लागा.

नियमांप्रमाणे पोलिसांनी अहवाल ३० दिवसांत द्यायचा असतो आणि अहवाल मिळाल्यापासून ६० दिवसांत निर्णय व्हायला हवा. तुमचा अर्ज त्यापेक्षा जास्त दिवस पडून असेल, तर तुमची तक्रार कायद्याबद्दलची नसून अंमलबजावणीबद्दलची आहे. हा फरक पुढे कामाला येईल.

*२) परवाना म्हणजे शिकारीची परवानगी नाही*

इथेच सगळ्यात जास्त गैरसमज आहे. शस्त्र कायदा बंदूक *बाळगायला* परवानगी देतो. ती कोणत्या जनावरावर चालवायची हे वन्यजीव संरक्षण कायदा, १९७२ ठरवतो.

🐆 *बिबट्या* अनुसूची १ मध्ये आहे. त्याला मारण्याचा लेखी आदेश फक्त राज्याचे मुख्य वन्यजीव रक्षक देऊ शकतात. तोही माणसाच्या जिवाला धोका असेल आणि पकडणं, बेशुद्ध करणं किंवा हलवणं शक्य नसेल तेव्हाच.
🦌 *काळवीट* पण अनुसूची १ मध्ये आहे. रेहेकुरीच्या आसपास, कर्जत-श्रीगोंद्याकडे ज्वारी-हरभरा खाल्ला म्हणून गोळी घातली तर तो गंभीर गुन्हा आहे.
🐗 *रानडुक्कर* अनुसूची २ मध्ये आहे. उभ्या पिकाचं नुकसान होत असेल तर वनविभाग लेखी परवानगी देऊ शकतो. परवानगीशिवाय मारलं तर गुन्हा.

अनुसूची १ मधल्या प्राण्याच्या शिकारीला किमान ३ आणि कमाल ७ वर्षं कैद आहे, शिवाय किमान २५,००० रुपये दंड. फासा लावणं, सापळा लावणं, नुसता प्रयत्न करणं हेही कायद्याने शिकारच. स्वतःचा किंवा दुसऱ्याचा जीव वाचवताना सद्हेतूने जनावर मारलं गेलं किंवा जखमी झालं तर कलम ११ संरक्षण देतं. पण शेळी नेली म्हणून दुसऱ्या दिवशी माग काढून मारणं त्यात बसत नाही.

*३) कोणती मागणी कोणाकडे?*

घटनेत शस्त्रं आणि दारूगोळा हा विषय केंद्राच्या यादीत आहे. म्हणून परवान्याचा कायदा आमदार बदलू शकत नाहीत, विधानसभाही नाही. वन्यजीव हा विषय केंद्र आणि राज्य दोघांचा आहे. वाटणी अशी :

➡️ *खासदार* (आपल्या जिल्ह्यात अहिल्यानगर आणि शिर्डी असे दोन मतदारसंघ)
– शस्त्र कायदा आणि नियमांत बदल
– बिबट्या किंवा रानडुक्कर कोणत्या अनुसूचीत असावं
– रानडुकराला ठरावीक भागात, ठरावीक काळासाठी उपद्रवी प्राणी जाहीर करणं. प्रस्ताव राज्याने पाठवायचा, अधिसूचना केंद्राने काढायची. अनुसूची १ मधल्या बिबट्याला हे कलम लागू होत नाही.
खासदार लोकसभेत प्रश्न विचारू शकतात, शून्य प्रहरात किंवा नियम ३७७ खाली विषय मांडू शकतात.

➡️ *आमदार* (जिल्ह्यात १२ मतदारसंघ)
– रानडुकराच्या परवानगीची पद्धत सोपी करणं
– नुकसानभरपाईची रक्कम आणि ती मिळायला लागणारा वेळ
– पिंजरे, गस्त, वनविभागाची रिक्त पदं
– शेतीपंपाला दिवसा वीज
आमदार तारांकित प्रश्न आणि लक्षवेधी सूचना देऊ शकतात.

➡️ *जिल्हाधिकारी आणि पोलीस अधीक्षक*
– अडकलेला अर्ज, रखडलेलं नूतनीकरण. त्यासाठी लोकशाही दिन आहे : आधी तालुक्याला, मग महिन्याच्या पहिल्या सोमवारी जिल्ह्याला.

➡️ *ग्रामसभा*
– ठराव. गावाच्या ठरावाची प्रत जोडली की निवेदनाचं वजन वाढतं.

*४) लिहून खरंच काही होतं का?*

होतं. दोन उदाहरणं बघा.

*दिल्ली, २०१९.* तेव्हा एका माणसाला तीन बंदुका ठेवता येत होत्या. २९ नोव्हेंबरला लोकसभेत मांडलेल्या दुरुस्ती विधेयकात ही मर्यादा थेट *एकवर* आणायचा प्रस्ताव होता. देशभरातल्या परवानाधारकांनी हरकती घेतल्या आणि खासदारांपर्यंत पोचवल्या. ९ डिसेंबरला लोकसभेत विधेयक मंजूर झालं तेव्हा एकच्या जागी *दोन* झालं होतं. परवान्याची मुदतही तीनवरून पाच वर्षं झाली. परवानाधारकांना हवं ते सगळं काही मिळालं नाही, मर्यादा कमी झालीच. पण दहा दिवसांत आकडा बदलला.

(ज्यांच्याकडे अजून वाडवडिलांची तिसरी बंदूक असेल त्यांनी लक्ष द्या. ती जमा करायची मुदत डिसेंबर २०२० मध्येच संपली. आजच वकिलाचा सल्ला घ्या.)

*केरळ, २०२२.* तिथल्या शेतकऱ्यांची मागणी होती की रानडुकराला उपद्रवी जाहीर करा. केंद्राने मान्य केलं नाही. मग राज्याने स्वतःच्या हातातलं कलम वापरलं. रानडुक्कर मारायची परवानगी द्यायचा अधिकार पंचायत आणि नगरपालिकेच्या प्रमुखांपर्यंत खाली आणला, आणि मारायचं काम परवानाधारक बंदूकवाल्यांकडे दिलं. म्हणजे एक दार बंद झालं तरी दुसरं दार कोणतं हे माहीत असलं तर मार्ग निघतो.

आपल्याकडेही विषय सभागृहापर्यंत गेला आहे. डिसेंबर २०२५ च्या नागपूर अधिवेशनात शेजारच्या जुन्नरचे आमदार शरद सोनवणे बिबट्याचा पोशाख घालून विधानभवनात आले होते. बातमी सगळीकडे झाली. आता त्या बातमीमागे गावागावांतले आकडे उभे करायचं काम आपलं आहे.

*५) निवडणुकीत बंदूक जमा करावीच लागते का?*

लोकसभा-विधानसभेची आचारसंहिता लागली की परवानाधारकांना नोटिसा येतात. पीक उभं असताना बंदूक पोलीस स्टेशनला, ही जुनी तक्रार आहे. पण मुंबई उच्च न्यायालयाच्या निर्णयानंतर निवडणूक आयोगाच्या सूचना अशा आहेत की प्रत्येक जिल्ह्यात जिल्हाधिकारी आणि पोलीस अधीक्षक यांची छाननी समिती परवाने एकेक करून तपासेल. जामिनावर असलेले, गुन्ह्यांची पार्श्वभूमी असलेले, दंगलीत नाव आलेले अशांकडे विशेष लक्ष दिलं जातं.

नोटीस आली तर ती धुडकावू नका. बंदूक जमा करा, पावती घ्या, आणि शेती संरक्षणाचं कारण लिहून समितीकडे सूट मागणारा अर्ज द्या. हा अर्ज आचारसंहिता लागताच पहिल्या दोन-तीन दिवसांत गेला पाहिजे.

*६) निवेदन कसं असावं?*

✅ एका पत्रात एकच मागणी
✅ एका पानाच्या आत
✅ गाव, गट नंबर, पीक, तारीख आणि नुकसानीचा अंदाज
✅ पंचनाम्याची किंवा वनविभागाला दिलेल्या अर्जाची प्रत
✅ पोच. शिक्का आणि आवक नंबर घेतल्याशिवाय परत येऊ नका.
✅ अधिवेशनाच्या निदान महिनाभर आधी. प्रश्नाची सूचना आधी द्यावी लागते. अधिवेशन सुरू झाल्यावर दिलेलं पत्र पुढच्या अधिवेशनाला जातं.

नमुना (आपापला मजकूर भरून वापरा) :

_प्रति, मा. आमदार, ……… विधानसभा मतदारसंघ_
_विषय : रानडुकराच्या उपद्रवाबाबत परवानगीचे अर्ज वेळेत निकाली काढण्याबाबत_
_महोदय / महोदया,_
_मी मौजे ………, ता. ……… येथील शेतकरी असून गट नं. ……… मध्ये ……… एकर मका आहे. दि. ……… ते ……… या काळात रानडुकरांनी अंदाजे ……… गुंठे पिकाचे नुकसान केले. दि. ……… रोजी वनक्षेत्रपाल कार्यालयात अर्ज दिला (प्रत जोडली आहे). आजपर्यंत निर्णय मिळालेला नाही._
_विनंती : आपल्या मतदारसंघात असे किती अर्ज आले, किती दिवसांत निकाली निघाले आणि किती प्रलंबित आहेत, हा प्रश्न येत्या अधिवेशनात उपस्थित करावा._
_आपला / आपली, ………_

शेवटची ओळ मुद्दाम तशी ठेवली आहे. "काहीतरी करा" म्हटलं की "बघतो" असं उत्तर मिळतं. आकडा मागितला की खात्याला आकडा द्यावा लागतो. हाच आकडा माहिती अधिकारातही मागता येतो. अर्जाची फी १० रुपये, उत्तराची मुदत ३० दिवस.

*७) हे करू नका*

❌ बंदूक घेऊन फोटो किंवा रील टाकू नका, स्टेटसलाही नको. परवाना धोक्यात येतो आणि आपल्या मागणीची बदनामी होते.
❌ लग्नात, मिरवणुकीत हवेत गोळीबार नको. २०१९ पासून त्याला २ वर्षांपर्यंत कैद किंवा १ लाखापर्यंत दंड, किंवा दोन्ही.
❌ गावठी कट्टा, विनापरवाना ठासणी, कुंपणात करंट, गावठी बॉम्ब अजिबात नको. डुकरासाठी लावलेल्या करंटने माणूसही जातो.
❌ परवान्याची तारीख विसरू नका. मुदत संपायच्या निदान दोन महिने आधी नूतनीकरणाचा अर्ज करा.
❌ निवेदनात पक्ष आणू नका. आपले सभासद सगळ्या पक्षांत आहेत आणि दोन्ही खासदार, बाराही आमदार आपल्याच मतांवर निवडून जातात.

*एक गोष्ट स्पष्ट बोलू या*

बिबट्यावर बंदूक हा उपाय नाही. कायदा परवानगी देत नाही, आणि रात्री उसात अंधारात झाडलेली गोळी शेजारच्या वस्तीवरच्या माणसालाही लागू शकते. प्रवरा काठच्या उसात बिबट्याची वीण होते, पिलं तिथेच मोठी होतात. अकोले परिसरातल्या अभ्यासातही शेतशिवारातच राहणारे बिबटे आढळले, तो अभ्यास २०१३ मध्ये प्रसिद्ध झाला. मग रात्री दोनला पाणी धरायला जाणाऱ्या माणसाचा जीव वाचवायचा असेल तर सगळ्यात मोठी मागणी दिवसा विजेची. ती राज्याच्या हातात आहे, म्हणून आमदारांच्या पत्रात तिला पहिलं स्थान द्या. बंदूकवाले सभासद आणि बंदूक नसलेले सभासद, दोघांनाही त्यावर सही करता येईल.

*आता काय करायचं?*

१. ज्यांचं नुकसान झालं आहे त्यांनी गाव, गट नंबर, पीक, जनावर, तारीख आणि फोटो ऑफिसच्या नंबरवर पाठवा. ग्रुपवर टाकू नका.
२. ज्यांचा परवाना अर्ज अडकला आहे त्यांनी अर्जाची तारीख आणि पोचेचा फोटो पाठवा.
३. आपली कंपनी तालुकावार यादी करून आमदारांसाठी एक, खासदारांसाठी एक आणि जिल्हाधिकाऱ्यांसाठी एक अशी तीन वेगळी निवेदनं तयार करेल. स्वतःचं पत्र प्रत्येकाने तरीही द्यावं. यादीपेक्षा सही केलेली पन्नास पत्रं जास्त बोलतात.
४. पुढच्या ग्रामसभेत ठराव घ्यायला सरपंचांना आजच सांगून ठेवा.

🚨 बिबट्या दिसला किंवा हल्ला झाला तर वनविभाग हेल्पलाइन *१९२६*, तातडीची मदत *११२*. जनावर मेलं असेल तर ते हलवण्याआधी फोटो काढा आणि त्याच दिवशी वनविभागाला कळवा. पंचनामा नसेल तर भरपाई अडकते.

मेसेज शेजारच्या शेतकऱ्याला पाठवा, तो सभासद नसला तरी चालेल.

– आपली शेतकरी उत्पादक कंपनी, सभासद सल्ला विभाग